अल-वादी अल-कबीर

दक्षिण स्पेनमधील सेव्हिल शहराला अरब इश्बिलिया म्हणत. या शहरातून जाणाऱ्या नदीचे रोमन काळातले नाव होते बेतिस. मुस्लिम राजवटीत लोक तिला ‘अल-वादी अल-कबीर’, म्हणजे मोठी नदी, म्हणू लागले. इ.स. १२४८ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. जामा मशिदीचे कॅथेड्रल झाले, घरे गेली, माणसे गेली. नदीचे नाव मात्र कोणी बदलले नाही. स्पॅनिश जिभेवर घोळून त्याचे ‘ग्वादल्किविर’ झाले, एवढेच. राज्ये उलथवणारी माणसे नद्यांच्या नावांच्या फारशी वाटेला जात नाहीत असे दिसते.

उर्दू वाचणाऱ्यांना ही नदी इक्बालमुळे ठाऊक असते. इक्बाल १९३३ मध्ये स्पेनला गेले आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही त्यांची प्रसिद्ध नज्म त्या प्रवासातून निघाली. त्या नज्मच्या शेवटाकडे ते याच नदीला तिच्या अरबी नावाने हाक मारतात. कुर्तुबा नदीच्या वरच्या अंगाला आणि इश्बिलिया खालच्या अंगाला. आमच्या उर्दू शाळांतून नज्म शिकवताना कुर्तुबाच्या मशिदीवर तास खर्च होतो, पण नदी पुढे कुठे जाते हे कोणी विचारत नाही. ती पुढे सेव्हिलला जाते आणि तिथून सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटरवर समुद्राला मिळते. समुद्रापासून इतक्या आत असूनही सेव्हिल हे पूर्वापार गलबतांचे बंदर आहे. ज्यांनी चौल, दाभोळ, राजापूर पाहिले आहे त्या कोकणच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. खाडीच्या तोंडाला शत्रू आणि आत बाजारपेठ, असा तो मामला.

माझी मोठी बहीण आणि मेव्हणे काही वर्षांपासून स्पेनमध्ये असतात. त्यांच्याकडे जाणे झाले तेव्हा जून महिना होता. सेव्हिलमध्ये संध्याकाळची नदीची फेरी करायची असे आपाने आधीच ठरवून टाकले होते. दुमजली बोट, वर उघडी बाके, तासाभराचा फेरा आणि ध्वनिवर्धकावरून चार-पाच भाषांमध्ये आलटून पालटून चालणारी माहिती. जूनमध्ये तिथे मगरिब रात्री पावणेदहाच्या सुमारास होते. त्यामुळे ‘संध्याकाळ’ म्हणजे घड्याळात आपली रात्र.

बोट सुटते ती तोर्रे देल ओरो, म्हणजे सुवर्ण मनोऱ्याच्या पायथ्याशी. हा बाराकोनी बुरूज मुवह्हिदून राजवटीच्या सुभेदाराने १२२०-२१ मध्ये बांधला. वरचा गोल घुमटीवजा भाग बराच नंतरचा, १७६० मधला. बुरुजावर सोन्याचा पत्रा होता, अमेरिकेतून आलेले सोने इथे ठेवत, अशा कथा सांगितल्या जातात. २००५ मधील डागडुजीत असे आढळले की चुना आणि दाबलेला पेंढा यांच्या गिलाव्यामुळे त्याला पिवळसर झाक येत असावी. गवत आणि चुन्याचे सोने! मला तर हे खऱ्या सोन्यापेक्षा जास्त आवडले. बुरुजाचे काम शोभेचे नव्हतेच. नदीतून वर येणारी शत्रूची जहाजे रोखण्यासाठी तो होता. इथून पलीकडच्या काठापर्यंत जाड साखळी ताणून नदी बंद करत, असे परंपरा सांगते.

बोट ज्या पाण्यावरून जाते त्याला स्पॅनिशमध्ये ‘दार्सेना’ म्हणतात. विसाव्या शतकात पुरापासून शहर वाचवण्यासाठी नदीचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडून नव्या कालव्यात वळवण्यात आला आणि शहरातला जुना पात्रभाग दाराने बंद केलेले गोदी-पाणी झाला. म्हणजे आज ज्या पाण्यावर पर्यटक फिरतात ते नदीचे असूनही वाहत नाही आणि तिथे भरती-ओहोटीही पोचत नाही. पण ‘दार्सेना’ हा शब्द पाहा. तो अरबी ‘दार अस्-सिनाआ’ म्हणजे कारखाना, जहाजबांधणीचे ठिकाण, यावरून आला. काठावर जुन्या जहाजगोदीची इमारत आहे, तिचे नाव ‘आतारासानास’, तेही त्याच मुळाचे. स्पॅनिशमध्ये साखरेला आसुकार, नारिंगाला नारांखा, जकात कचेरीला आदुआना म्हणतात. साखर आणि नारिंग हे तर आपल्याकडून इराणी-अरबी वाटेने तिकडे गेलेले शब्द आणि आदुआनात आपला ‘दिवाण’ दडला आहे. सेव्हिलच्या रस्त्यांवर आजही हजारो कडू नारिंगांची झाडे आहेत. ती अरबांनी नेली.

बोटीवर माझा बारा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. तो तिथल्या शाळेत स्पॅनिशमधून शिकतो, घरी आमची कोकणी बोलतो आणि आपा त्याला रोज संध्याकाळी उर्दू कायदा वाचायला बसवते. तो मध्येच म्हणाला, “मामू, आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं आडनाव मेदिना. मी तिला सांगितलं की हे अरबी आहे, मदिना म्हणजे शहर. तर ती म्हणाली, छे, आम्ही पहिल्यापासून इथलेच.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी म्हटलं, अरबी असलं तरी इथलंच असू शकतं ना.”

मुलांना वर्गात जे सहज सुचते ते सांगायला मोठ्या माणसांना शतके लागली, आणि काहींना तर ते सांगू दिले गेले नाही. त्याकडे मी पुढे येईन.

नदीवर संध्याकाळी नौकेतून फिरणे हा इश्बिलियाचा जुना छंद आहे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी शकुंदी नावाच्या अंदलुसी लेखकाने आपल्या देशाची स्तुती करणारे एक पत्रवजा पुस्तक लिहिले. त्यात या नदीचे दोन्ही काठ, बागा, नौका आणि त्यांवर चालणारे गाणेबजावणे यांचे त्याने मोठ्या अभिमानाने वर्णन केले आहे. त्याच्या शंभरेक वर्षे आधी इब्न अब्दून या गृहस्थाने शहराच्या बाजारव्यवस्थेवर नियमांचे पुस्तक लिहिले. त्याला नदीवरच्या चैनीची चिंता होती. नदीकाठ हे शहराचे बंदर आहे, व्यापाऱ्यांच्या उतरण्याची जागा आहे, म्हणून तिथली जमीन कोणाला विकू नये, त्यावर बांधकाम होऊ देऊ नये, असे तो बजावतो. दारू आणायला पलीकडे जाणाऱ्याला नावाड्यांनी बोटीत घेऊ नये, असेही सांगतो. नियम करावा लागला याचा अर्थ लोक जात होते. आपल्याकडे अंदलुसचे चित्र एकतर तलवारीचे असते नाहीतर तसबीहचे. प्रत्यक्षात ते इतर कोणत्याही मोठ्या शहरासारखे होते, त्यात काजी होते, शायर होते, नावाडी होते आणि गुपचूप पलीकडे जाणारेही होते.

याच नदीवरून १०९१ मध्ये एक राजा कैदी होऊन गेला. बनू अब्बाद घराण्याचा मुअतमिद हा इश्बिलियाचा राजा आणि अरबी भाषेतील मान्यवर शायर. १०८५ मध्ये तुलैतुला, म्हणजे तोलेदो, ख्रिस्ती राजा अल्फान्सोने घेतले तेव्हा अंदलुसचे छोटे छोटे मुस्लिम राजे घाबरले. मुअतमिदने पुढाकार घेऊन समुद्रापलीकडच्या युसूफ बिन ताशफीनला मदतीला बोलावले. बाहेरच्याला बोलावू नका, असा सल्ला त्याला मिळाला. त्यावर, कॅस्टिलमध्ये डुकरे राखण्यापेक्षा मराकेशमध्ये उंट राखणे बरे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. १०८६ च्या जल्लाकाच्या लढाईत युसूफ जिंकला, परत गेला, पुन्हा आला, आणि मग त्याने एकेक मुस्लिम राज्यच गिळले. मुअतमिदला कुटुंबासह जहाजात घालून मोरोक्कोत नेले. काठावर गर्दी लोटली होती आणि रडण्याचा कल्लोळ झाला, असे त्याच्या दरबारातल्या शायराने, इब्न अल-लब्बानाने, लिहून ठेवले. मराकेशजवळच्या अगमात गावी कैदेत असताना १०९५ मध्ये मुअतमिद वारला. त्याच्या कैदेतल्या शायरीवरून इक्बालनी ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये एक नज्म लिहिली आहे.

आमच्या पिढीतल्या उर्दू शाळकरी मुलांनी नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या रात्र रात्र जागून वाचल्या आहेत. ‘युसूफ बिन ताशफीन’ ही त्यांतली एक. त्यांत युसूफ नायक आहे, आणि असायला हरकत नाही, तो लढवय्या आणि साध्या राहणीचा माणूस होता. पण अंदलुस म्हणजे एका बाजूला मोमिन आणि दुसऱ्या बाजूला काफिर, एवढाच हिशेब या कादंबऱ्यांनी मनावर ठसवला, तो काही खरा नाही. दीडशे वर्षांनी इश्बिलिया पडले तेव्हा काय झाले तेही पाहावे. कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो १२४७ च्या उन्हाळ्यापासून शहराला वेढा घालून बसला. त्याच्या बाजूने लढायला ग्रनाडाचा सुलतान मुहम्मद इब्न अल-अहमर याने आपले घोडेस्वार पाठवले. तो फर्नांदोचा मांडलिक झाला होता आणि त्या बदल्यात ग्रनाडाला आणखी अडीचशे वर्षे मिळाली. अल-हम्रा महाल आज आपण ज्याच्या वंशामुळे पाहतो तोच हा माणूस. वाईट की शहाणा, हे ठरवणे मी वाचकांवर सोडतो. वर्गात मात्र ही माहिती सांगितली की मुले गप्प होतात.

वेढा नदीने मोडला. इश्बिलिया आणि पलीकडचे त्रियाना उपनगर यांना जोडणारा होड्यांचा पूल ११७१ मध्ये मुवह्हिदून खलिफा अबू याकूब युसूफने बांधला होता. होड्या शेजारी शेजारी साखळ्यांनी जोडायच्या आणि वर फळ्या टाकायच्या. शहरात धान्य यायचे ते याच पुलावरून. उत्तरेच्या किनाऱ्यावरून रामोन बोनिफास नावाचा दर्यावर्दी आपली जहाजे घेऊन नदीत शिरला आणि ३ मे १२४८ रोजी त्याची जड गलबते पुलावर आदळून पूल तुटला. त्यानंतर उपासमार. २३ नोव्हेंबर १२४८ रोजी शहराने शरणागती दिली. मुसलमानांना घरे रिकामी करायला महिन्याभराची मुदत मिळाली. लोक शरीशला गेले, ग्रनाडाला गेले, समुद्र ओलांडून सब्ता आणि ट्युनिसला गेले. इब्न खल्दूनचे पूर्वज याच शहरातले एक मोठे घराणे, तेही पडझडीच्या काळात इथून निघाले. म्हणून जगाला ‘मुकद्दमा’ देणारा हा इतिहासकार १३३२ मध्ये ट्युनिसमध्ये जन्मला. पुढे तो राजदूत म्हणून सेव्हिलला आला तेव्हा कॅस्टिलच्या राजाने त्याला पूर्वजांची मालमत्ता परत देऊ केली होती. त्याने ती नाकारली.

तो होड्यांचा पूल पुन्हा बांधला गेला आणि दुरुस्त होत होत १८५२ पर्यंत चालला. सुमारे सातशे वर्षे! मग त्याच्या जागी लोखंडी पूल आला. बोट त्याच्याखालून जाते तेव्हा सगळे वर पाहतात आणि फोटो काढतात. ध्वनिवर्धकावर पुलाला राणी इसाबेलचे नाव असल्याचे सांगितले गेले. होड्यांच्या पुलाचाही उल्लेख झाला, पण तो कोणी बांधला ते नाही.

मागे वळून पाहिले की घरांच्या वर एक मनोरा दिसतो, हिराल्दा. मशिदीचा हा मिनार ११८४ मध्ये सुरू झाला आणि ११९८ मध्ये पुरा झाला. दिल्लीत कुतुबमिनार बांधायला घेतला तो याच सुमारास. मिनारात पायऱ्या नाहीत, उतरंडीच्या वळणदार वाटा आहेत, म्हणजे माणूस घोड्यावर बसून वर जाऊ शकत असे. शहर ताब्यात देण्याआधी मुसलमानांना हा मिनार पाडायचा होता आणि त्याची एक वीट जरी हलली तरी सर्वांची मान मारीन असे शाहजादा अल्फान्सोने बजावले, अशी दंतकथा आहे. मशीद पुढे पाडली गेली, तिच्या जागी पंधराव्या शतकात प्रचंड कॅथेड्रल उभे राहिले, पण मिनार राहिला. १५६८ मध्ये त्यावर घंटाघर चढवले. त्याच कॅथेड्रलमध्ये फर्नांदोची कबर आहे आणि तिच्यावरील लेख चार भाषांत कोरलेला आहे: लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू. ज्या राजाने मुसलमानांना शहराबाहेर काढले त्याच्या कबरीवर अरबी चालत होती. त्याच्याच वंशातील पेद्रो राजाने १३६४ पासून आपला महाल बांधून घेतला तो मुसलमान कारागिरांकडून, अरबी अक्षरांच्या नक्षीसह. तेराव्या-चौदाव्या शतकात अरबी ही पराभूतांची भाषा झाली होती, पण गुन्हा झाली नव्हती. ती गुन्हा झाली दोनशे वर्षांनी.

पुलाच्या पलीकडे, त्रियानाच्या काठावर, आज बाजार आहे. बाजाराच्या खाली सान होर्खे किल्ल्याचे अवशेष जपून ठेवले आहेत. १४८१ पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे, ठाणे इथे होते. सुरुवातीला त्याचे लक्ष्य बाप्तिस्मा घेतलेले यहुदी होते, नंतर मुसलमानही झाले. कोकण-गोव्याच्या वाचकाला हा शब्द परका नाही. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये गोव्यात तेच न्यायालय आणले होते.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रनाडा गेले. तहात लिहून दिले होते की मुसलमानांचा धर्म, मशिदी, काजी आणि रीतिरिवाज यांना हात लागणार नाही. सात वर्षांत सामुदायिक बाप्तिस्मे सुरू झाले. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या साऱ्या मुसलमानांना हुकूम निघाला: बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. बहुतेक राहिले. त्यांना मोरिस्को म्हणू लागले. १५०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ओरानशी संबंधित एका मुफ्तीने त्यांच्यासाठी फतवा दिला. तो वाचताना अंगावर काटा येतो. नमाज इशाऱ्याने का होईना पढा, दिवसा जमले नाही तर रात्री कजा करा, गुस्ल समुद्रात डुबी मारून करा, जबरदस्तीने दारू पाजली तर प्या पण नीयत ठेवू नका. मनाचा किब्ला सोडू नका, बाकीचे अल्लाह माफ करील.

मग १ जानेवारी १५६७ रोजी ग्रनाडात आणखी एक फर्मान जाहीर झाले. अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे बंद. तीन वर्षांत सर्वांनी कॅस्टिलियन शिकायची. बायकांचे ओढणी-बुरखे बंद, हम्माम पाडायचे, शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायची. त्यावर फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने न्यायालयाच्या अध्यक्षांना लेखी अर्ज दिला. मला वाटते, प्रत्येक भाषाशिक्षकाने एकदा तरी वाचावा असा तो दस्तऐवज आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. आमचा पोशाख हा धर्माचा नाही, प्रांताचा आहे. कॅस्टिलमध्येही प्रांतागणिक पोशाख बदलतात. भाषेचेही तेच. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, अरबीत लिहितात, आणि म्हणून त्यांच्या ख्रिस्तीपणात उणे येत नाही. म्हातारी माणसे तीन वर्षांत नवी भाषा शिकणार कशी? अर्ज फेटाळला गेला. १५६८ च्या नाताळात बंड झाले, ते १५७१ पर्यंत चालले, आणि मग ग्रनाडाचे हजारो मोरिस्को उठवून इतर प्रांतांत विखुरले. त्यांतले काही हजार जहाजांतून याच नदीने सेव्हिलला आणून उतरवले. कित्येक त्रियानात राहिले.

मी उर्दू शाळेत शिकवतो आणि हा लेख मराठीत लिहितो आहे. हे दोन्ही मला कधी परस्परविरोधी वाटले नाही. पण ‘तुम्ही मराठी इतकी चांगली कशी बोलता?’ हा प्रश्न मला प्रशिक्षणवर्गात, रेल्वेत, सरकारी कचेरीत ऐकावा लागतो. आणि आपल्याच लोकांतून, ‘उर्दूचे मास्तर असून मराठीत कशाला लिहिता?’ असेही. नुन्येस मुलेचा अर्ज वाचताना म्हणूनच तो परका वाटत नाही. भाषेवर धर्माचे लेबल चिकटवणारे दोन्ही बाजूंना असतात आणि ते एकमेकांचे काम सोपे करतात.

मोरिस्कोंनी स्वतः या प्रश्नाचे उत्तर मोठ्या चतुराईने दिले होते. अरबी बोलता येईनाशी झाली तेव्हा त्यांनी स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहायला सुरुवात केली. तिला अल्खामियादो म्हणतात. नमाजाचे नियम, पैगंबरांच्या गोष्टी, औषधांचे पाठ, प्रेमकथाही त्यांनी अशा लिहिल्या. घरची भाषा स्पॅनिश, अक्षरे कुराणाची. १८८४ मध्ये स्पेनच्या अल्मोनासिद दे ला सिएरा गावात एक जुने घर पाडताना दुहेरी फरशीच्या पोटात अशा हस्तलिखितांचा साठाच सापडला. काही पाने तिथेच जाळली गेली, उरलेली विद्वानांच्या हाती आली. पावणेतीनशे वर्षे फरशीखाली दडलेली ही पोथ्यांची मांडणी पाहिली की मालकांची आशा कळते. परत येऊ, असे वाटल्याशिवाय माणूस पुस्तके अशी लपवत नाही.

ते परत आले नाहीत. १६०९ मध्ये तिसऱ्या फिलिप राजाने मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला. सुरुवात बलेन्सियापासून झाली, जानेवारी १६१० मध्ये सेव्हिलमध्ये दवंडी पिटली गेली. १६१४ पर्यंत साऱ्या स्पेनमधून सुमारे ३ लाख माणसे घालवली गेली. इथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. त्या वेळी पोर्तुगालचे राज्यही त्याच राजाकडे होते. म्हणजे ज्याच्या सहीने त्रियाना रिकामे झाले, त्याचाच अंमल तेव्हा आमच्या चौल-रेवदंड्यावर, वसईवर आणि गोव्यावर होता.

बाहेर काढलेली ही माणसे कोण होती? तीन-चार पिढ्यांचा बाप्तिस्मा झालेली, फ्रान्सिस्को आणि मारिया नावांची, बहुतेक ठिकाणी फक्त स्पॅनिश बोलणारी. शेतकरी, माळी, कुंभार, खेचरवाले, फळभाजी विकणारे. यातले अनेकजण मनापासून ख्रिस्ती झाले होते. मुसलमान राहिलेलेही होते. हुकमाने हा भेद केला नाही. रक्त तपासले, श्रद्धा नाही. सोनेनाणे बरोबर नेता येणार नव्हते. आणि सर्वांत कठोर अट मुलांची होती. मुसलमानी मुलखात जाणाऱ्यांनी सात वर्षांखालील मुले मागे ठेवून जायची, ती ख्रिस्ती घरांत वाढवली जाणार. म्हणून कित्येकांनी आपण फ्रान्सला, ख्रिस्ती देशात जात आहोत असे सांगितले, मुलांना छातीशी धरून मार्सेयची जहाजे पकडली आणि तिथून पुढे ट्युनिस गाठले. ज्यांना तेवढे साधले नाही त्यांची मुले सेव्हिलमध्ये राहिली.

ही जहाजे याच धक्क्यांवरून सुटली. आज तिथे व्हिक्टोरिया जहाजाची प्रतिकृती उभी आहे. मॅगेलनच्या पाच जहाजांपैकी हे एकच पृथ्वीप्रदक्षिणा करून ८ सप्टेंबर १५२२ रोजी १८ माणसांनिशी सेव्हिलला परतले. ध्वनिवर्धकावर त्या अठराजणांची गोष्ट चार भाषांत ऐकली. ती ऐकण्यासारखीच आहे. १६१० चा उल्लेख कोणत्याही भाषेत आला नाही. तासाभराच्या फेरीत सारे मावत नाही हे खरे, पण बैलझुंजीचे मैदान, १९९२ च्या जागतिक प्रदर्शनाचे मंडप आणि नवा उंच टॉवर यांना वेळ पुरला. मिनारावर दिवे लागले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

स्पॅनिश माणसांना हे सारे माहीत नाही असे मुळीच नाही. या हद्दपारीवरचे उत्तम संशोधन स्पॅनिश विद्वानांनीच केले आहे. आणि सर्वांत आधी बोलला तो सेर्वांतेस, जो स्वतः काही काळ सेव्हिलच्या तुरुंगात होता आणि त्याआधी अल्जीरियात मुसलमानांच्या कैदेत पाच वर्षे काढून आला होता. ‘दोन किखोते’च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात रिकोते नावाचा मोरिस्को दुकानदार येतो. हद्दपारीनंतर तो यात्रेकरूच्या वेषात आपल्या देशात चोरून परततो आणि वाटेत जुना शेजारी सांचो याला ओळखतो. दोघे गळ्यात पडतात, एकत्र बसून खातात. रिकोते राजाच्या हुकमाला योग्यही म्हणतो आणि स्पेनसाठी रडतोही. हुकूम निघून जेमतेम काही वर्षे झाली होती, सेन्सॉरचे डोळे होते, तेव्हा त्याची ही दुहेरी बोली समजण्यासारखी आहे. सांचो त्याला पकडून देत नाही. पण त्याच्याबरोबर जातही नाही.

२०१५ मध्ये स्पेनने कायदा करून १४९२ मध्ये घालवलेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केले. २०१९ मध्ये अर्जांची मुदत संपली. चांगला कायदा होता, उशिरा का होईना चूक मान्य केली. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झालेला नाही.

ते वंशज विस्मरणात गेलेले नाहीत. ट्युनिसियात तेस्तूर नावाचे गाव त्यांनी वसवले. तिथल्या जामा मशिदीच्या मिनारावर घड्याळ आहे आणि त्याचे आकडे उलट्या क्रमाने, उजवीकडून डावीकडे लिहिलेले आहेत. मोरोक्कोच्या रबात शहरात बर्गाश घराणे आहे, ते मूळचे वर्गास. तेतुआन शहर तर अंदलुसी घराण्यांनीच भरलेले. सेव्हिलच्या वर्गात एक मेदिना बसते आणि समुद्रापलीकडे रबातला वर्गास राहतात. विसाव्या शतकात उत्तर मोरोक्को स्पेनच्या ताब्यात गेला. तिथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची चळवळ उभी करणारे तेतुआनचे पुढारी होते अब्दुल खालिक तोर्रेस (१९१० ते १९७०). अरबीतून भाषणे करणाऱ्या या अंदलुसी घराण्यातील माणसाने आपले स्पॅनिश आडनाव शेवटपर्यंत ठेवले. तोर्रेस म्हणजे मनोरे.